केळीच्या वॅगनमधला खून

नव्वद सालाच्या आसपास आमची पलटण काश्मीरमध्ये उंचावर गेली. मी तेव्हा नायक होतो, सिग्नल प्लाटूनचा. कंपनीच्या चौकीतलं टेलिफोन एक्स्चेंज माझ्याकडे असे. दिवाळीनंतर रस्ता बंद होई, तो उन्हाळ्यातच उघडे. मधल्या काळात जवान काय करतो, असं मला लग्नकार्यात कुणी ना कुणी विचारतंच. जवान बर्फ काढतो, केरोसीन पुरवून वापरतो, पत्राची वाट पाहतो. पत्ते खेळून खेळून एक दिवस पत्तेही नकोसे होतात. मग माणूस वाचतो. बिस्किटाच्या पुड्यावरचा मजकूर मन लावून वाचणारे सुभेदार मी पाहिले आहेत.

मी जळगावचा, पिंप्राळ्यात वाढलेला. वडील मास्तर, त्यामुळे घरात पुस्तकं होती आणि पुस्तकांबद्दलचा ताठाही होता. माझा आवडता लेखक एकच. त्याचं नाव इथे लिहीत नाही. त्याचे चाहते आमच्या वाचनालयात अजून बरेच आहेत, आणि पुढे जे लिहिणार आहे ते त्यांना रुचणार नाही. हा लेखक घाई करत नसे. अंगणातल्या एका निंबावर तो चार पानं लिही. पाचव्या पानावर त्या निंबाखाली कुणीतरी येऊन बसे. बस, एवढंच घडे. मला ते फार आवडे. मे महिन्यात जळगावात राहिलेल्या माणसाला सावलीवर चार पानं जास्त वाटत नाहीत.

आमच्याच पलटणीतला लान्स नायक हिरामण सोनवणे पिंपळनेरचा, बोलणं अहिराणी. सुट्टी संपली की तो एस.टी.ने धुळ्याला येई, तिथून चाळीसगावची गाडी पकडी आणि चाळीसगावला मेन लाइनच्या गाडीत बसे. मी पुढे जळगावला चढे. तोवर त्याने माझ्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवलेली असे, आणि मांडीवर चाळीसगाव स्टेशनच्या स्टॉलवरून घेतलेली एक रहस्यकथा. मुखपृष्ठावर सुरा, नाहीतर बाई, नाहीतर दोन्ही. गाडी भुसावळ सोडी तोवर पुस्तकात दोन मुडदे पडलेले असत.

एकदा त्याने माझ्या हातातलं पुस्तक घेतलं, पाच-सात पानं वाचली आणि परत दिलं.

"पाटील भो, तुना लेखक झाड लावस का गोष्ट सांगस?"

"त्याला साहित्य म्हणतात," मी म्हणालो.

"व्हई भो. पण मना पुस्तकमा पहिला पानवर माणूस मरस. टाइम वाया जात नही."

समोरच्या बाकावर एक म्हातारे शेतकरी बसले होते. त्यांनी निकाल हिरामणच्या बाजूने दिला. मी दिल्लीपर्यंत तोंड फुगवून बसलो. आवडीनिवडीच्या भांडणात कुणी कुणाला पटवू शकत नाही, पण आम्ही दोन वर्षं नेटाने प्रयत्न केला. मी त्याला निंब वाचायला दिला, त्याने मला सुरा वाचायला दिला. दोघांनीही एकमेकांची पुस्तकं अर्ध्यावर सोडली.

त्या हिवाळ्यात हिरामण वरच्या छोट्या पोस्टवर होता. तिथे एक बंकर, आणि बंकरच्या वर टेहळणीचा खडक. पोस्टवर एकूण चौघे. आमच्या चौकीपासून तिथपर्यंत टेलिफोनची तार टाकलेली होती. दर तासाला लाइन चेक व्हायचा. मी हँडल फिरवायचं, त्याने उचलून "लाइन ओके" म्हणायचं. नियमाने एवढंच. पण तो हळूच विचारायचा, "निंब वाढना का?" मी म्हणायचो, "तुझे किती मेले?" आणि फोन ठेवायचो.

फेब्रुवारीत तीन दिवस सलग बर्फ पडलं. चौथ्या सकाळी उघडीप झाली. चहा झाला होता आणि मी बॅटरी तपासत होतो. वर ढगांचा गडगडाट व्हावा तसा आवाज झाला आणि थांबला. आभाळ मात्र स्वच्छ होतं. मी हँडल फिरवलं. बराच वेळ काही नाही. मग कुणीतरी उचललं.

"पाटील भो, मी शे. बठ्ठं खाले उनं."

"तू कुठे आहेस?"

"बंकरमाच शे. कमरवर लाकूड शे. पाय शेतस का नही, समजत नही."

उतार तुटून बंकरवर आला होता. छताचे वासे खाली बसले होते. बुखारीचा, म्हणजे शेकायच्या शेगडीचा, पाइप तेवढा उभा राहिला होता आणि त्यातून हवा येत होती. बाकीचे तिघे वर खडकावर सुखरूप होते, पण मधला उतारच वाहून गेल्यामुळे त्यांना खाली यायला वाट उरली नव्हती. हिरामणचे हात मोकळे होते आणि फोन हाताला लागला होता.

सुभेदार साहेब दहा जवान, फावडी आणि दोर घेऊन निघाले. मीही निघालो होतो. कंपनी कमांडर मेजर साहेबांनी मला एक्स्चेंजवरच थांबवलं.

"पाटील, लाइन मत छोड़ना. उसको सोने मत देना. कुछ भी बोल, पर जगाके रख."

नर्सिंग असिस्टंटने जाता जाता तेच सांगितलं. त्या थंडीत डोळा लागला की माणूस उठत नाही.

मी बोलायला लागलो. घरचं विचारलं. कांदा कसा आला, बहिणीचं कुठे जमलं, आबांचा गुडघा कसा आहे. आबा म्हणजे त्याचे वडील. तो उत्तरं देत होता, पण उत्तरं आखूड होत चालली. अर्ध्या तासात माझ्याकडचे विषय संपले. बोलण्याचा धंदा माझा नव्हेच. मी वाचणारा माणूस. समोर टेबलावर माझं पुस्तक पडलं होतं. मी ते उघडलं आणि वाचायला लागलो, मोठ्याने, आवाजात जमेल तेवढा जीव ओतून.

दोन पानं झाली. पलीकडून काही नाही.

"हिरामण!"

"हां. ऐकी ऱ्हायनू." मग थोड्या वेळाने, "भो, हाऊ निंब आखो किती पाने चालई? माले झोप ई ऱ्हायनी."

मी पुस्तक मिटलं. ज्या वाक्यांवर मी जीव टाकत होतो, ती वाक्यं त्या दिवशी माझ्या मित्राला झोपवत होती. यात लेखकाचा काही दोष नाही. पण तेव्हा मला त्याचा असा संताप आला की पुस्तक बुखारीत घालावंसं वाटलं.

"एखादाले मारी टाक ना त्या झाडखाले," हिरामण म्हणाला.

आणि मी मारला. झाडाखाली नाही, जळगावच्या मालधक्क्यावर. डोळ्यांसमोर जे आलं ते बोलत सुटलो.

"दिल्लीला जाणारी केळीची वॅगन होती. सकाळी दार उघडलं तर घडांच्या आड प्रेत."

"कोनं?"

"कापसाच्या एका दलालाचं."

"थांब. भरेल वॅगनले सील ऱ्हास. मंग उघाडी कोनी?"

त्याचा मामा सावद्याला केळी भरायचा. मला सीलचं काय ठाऊक?

"सील तुटलेलं दिसलं, म्हणून रेल्वेवाल्यांनी उघडली."

"हां. आते जमनं. पुढे सांग."

आवाजात धार आली होती. मला गुरुकिल्ली सापडली. मी सांगत होतो आणि तो चुका काढत होता. जितकी मोठी चूक, तितका तो जागा. मग मी मुद्दाम चुका करायला लागलो. दलालाला एक भागीदार दिला, धुळ्याचा एक मेहुणा दिला आणि मालधक्क्यावरचा एक मुकादम दिला. तिघांचंही दलालाशी वाकडं होतं.

"भागीदार नको. तो पहिलाच दिसस. असा माणूस खुनी कव्हयच ऱ्हात नही."

"मेहुणा म्हणतो, मी त्या दिवशी धुळ्याहून निघालो, चाळीसगावला वेळेवर पोचलो आणि पुढची गाडी पकडून मुंबईला गेलो."

तारेवरून खरखर ऐकू आली. मला वाटलं लाइन गेली. तो हसत होता.

"धुये-चाळीसगाव गाडी कव्हय टाइमवर उनी? तो लबाड बोली ऱ्हायना."

मेजर साहेब दारात उभे होते. ते पुण्याकडचे, त्यांना ही अहिराणी किती कळत होती कोण जाणे. त्यांनी मला हाताने खूण केली, चालू ठेव.

मधूनमधून रेडिओ बोलत होता.

"कंट्रोल, पार्टी. पहला मोड़ पार. बर्फ कमर तक. ओव्हर."

मी ते हिरामणला सांगत होतो. पहिलं वळण झालं. दुसरं दिसायला लागलं. मग रेडिओवर सुभेदार साहेबांचा आवाज आला, की पुढचा उतार हलतोय, पार्टी थांबवली आहे, वरच्या अंगाने वळसा घ्यावा लागेल. हे मी त्याला सांगितलं नाही. मुकादमाच्या घराची झडती सुरू केली.

दुपार कलली तेव्हा त्याच्या हरकती कमी झाल्या. मी मुकादमाला तापीच्या पुलावरून पांझरेच्या पाण्यात उडी मारायला लावली, तरी तो काही बोलला नाही. धुळ्याची पांझरा आणि जळगावकडची तापी, खानदेशातलं शेंबडं पोरसुद्धा यावर हसेल.

"हिरामण, पुलाचं चुकलं ना?"

"चुकनं." मग बऱ्याच वेळाने, "पाटील भो. खून कोनी कया?"

"शेवटी कळेल."

"आते सांगी टाक."

"पार्टी पोचली की सांगतो. एकच प्रकरण राहिलंय. तोवर जागा राहा."

मी असं का केलं, ते उघड आहे. उत्सुकता हाच त्याचा दोर होता आणि तो माझ्या हातात होता. तो सोडायला मी तयार नव्हतो. शिवाय खरं सांगायचं तर खून कोणी केला ते मला माहीतच नव्हतं. मी ठरवलंच नव्हतं.

"सांग ना, खून कोनी कया?" त्याने आणखी एकदा विचारलं. आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"एकच प्रकरण, हिरामण."

त्यानंतर तो बोलला नाही. मी बोलत राहिलो. फौजदार आणला, कोर्ट आणलं, साक्षीदार उभे केले. सूर्य डोंगराआड गेला तेव्हा रेडिओवर पार्टी बोलली. बंकरपर्यंत पोचलो, हिरामणला उकरून काढलं, जीव उरलेला नाही. ओव्हर.

मेजर साहेबांनी माझ्या हातातला रिसीव्हर काढून जागेवर ठेवला. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की कंबर अशी चेपली होती, की पार्टी वेळेत पोचली असती तरी तो वाचला नसता. साहेब म्हणाले, तू हुकूम पाळलास. पाळला, यात शंका नाही. पण एक नाव सांगायला काय लागत होतं? कुठलंही. त्याने दोनदा मागितलं आणि मी दोन्ही वेळा ठेवून घेतलं. ही हळहळ गेली नाही, आणि ती जावी असं मलाही वाटत नाही.

रस्ता उघडल्यावर सुट्टी मिळाली. मी जळगावला घरी न थांबता धुळ्याला गेलो आणि तिथून पिंपळनेरची एस.टी. धरली. आबा ओट्यावर कांदे निवडत होते. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, चहा ठेवायला सांगितला. बराच वेळ आम्ही कांद्याच्या भावाविषयी आणि पाण्याविषयी बोललो. मग त्यांनी हातातला कांदा खाली ठेवला.

"फोनवर तू व्हता म्हनेत. शेवटले काय बोलना तो?"

पलटणीतल्या जाणत्यांनी मला पढवून पाठवलं होतं. आईचं नाव घेतलं म्हणून सांग, म्हाताऱ्या जिवाला बरं वाटतं. मी तोंड उघडलं आणि खोटं बाहेर येईना.

"आबा, तो म्हणाला, खून कोणी केला ते सांग."

मी सगळं सांगितलं. झोप, निंब, केळीची वॅगन.

"ती गोष्ट सांग माले," ते म्हणाले. "पहिलपाईन सांग."

मी सांगितली. दारात हिरामणची आई येऊन उभी राहिली होती. सीलपाशी आबांनी मान हलवली. धुळ्याच्या गाडीपाशी आले तेव्हा ते हसले आणि हसता हसता त्यांनी टोपीने डोळे पुसले. मी शेवटच्या प्रकरणाशी येऊन थांबलो.

"मंग? कोनी कया?"

"माहीत नाही, आबा. मी ठरवलं नव्हतं."

आबांनी कांदा परत हातात घेतला. त्याचं वरचं साल काढलं.

"ठरावी टाक भो," ते म्हणाले. "पोऱ्या वाट देखी ऱ्हायना व्हई."

फौज सोडून मी पिंप्राळ्यात परत आलो त्याला आता बरीच वर्षं झाली. वाचनालयातून मी रहस्यकथाच घेतो. ग्रंथपाल गालात हसतो, हसू दे. शंभरेक खुनी वाचून झाले असतील, त्यांतला एकही मला आमच्या वॅगनला लावता आलेला नाही. मुकादम म्हटलं तर सील आडवं येतं, माल भरतानाच प्रेत आत ठेवू शकणारा माणूस सील कशाला तोडेल? मेहुणा गाडीमुळे सापडतो खरा, पण खोटं बोलणारा प्रत्येकजण खुनी नसतो. उरला भागीदार, त्याला हिरामण आधीच नको म्हणून गेला. कुठलंही नाव घेतलं की त्याची हरकत ऐकू येते, आणि हरकत बरोबर असते. लान्स नायक हिरामण सोनवणे असता, तर खुनी कोण ते त्यानेच मला सांगितलं असतं.