वहिनीचं माहेर

वहिनीला माहेर नाही, हे आमच्या घरात पहिल्यांदा बोलून दाखवलं ते माझ्या आईने. माझा भाऊ तेव्हा साउथहॅम्प्टनच्या बंदरात इंजिनियर होता आणि वहिनीला दिवस गेले होते. आई पुण्याहून मुद्दाम आली. आल्या आल्या तिने बॅगेतून डिंक, अळीव, खारका काढून ओट्यावर मांडल्या आणि जाहीर केलं, "पहिलं बाळंतपण माहेरी असतं. हिला माहेर नाही, तेव्हा आता मीच हिचं माहेर." बोलली ती प्रेमानेच. वहिनीने मात्र रात्री भावाला 'माहेर' म्हणजे काय ते विचारून घेतलं, आणि तो शब्द तिच्या मनात जो रुतला तो रुतलाच.

वहिनीचा जन्म आणि लहानपण इंग्लंडमधल्या एका आश्रमातलं. नन्स चालवायच्या तो. लग्नाआधी दिवस गेलेल्या मुली आयर्लंडहून बोटीने एकट्या इकडे यायच्या, बाळंत व्हायच्या आणि मूल ठेवून परत जायच्या. वहिनीची आई त्यांतलीच एक. यापलीकडे वहिनीला तिच्याबद्दल काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

मराठी ती माझ्या आईकडून शिकली, त्यामुळे तिचं मराठी आईच्या वयाचं आहे. मला ती 'वन्सं' म्हणते आणि अहोजाहो करते. आज पुण्यात कोणी नणंदेला वन्सं म्हटलं तर नणंदच आधी हसेल. 'तो चहा' आणि 'ती चहा' यांचा घोळ तिचा इतक्या वर्षांत सुटलेला नाही, पण चकली माझ्यापेक्षा सरस करते आणि सोवळंओवळं, सणवार, सगळं माझ्यापेक्षा जास्त पाळते. मी नास्तिक नणंद आणि ती देवघर सांभाळणारी भावजय, अशी आमची उलटी जोडी आहे.

भाऊ गेला. वर्षश्राद्ध झालं त्या दुपारी भांडी पुसता पुसता ती म्हणाली, "वन्सं, आता मला माझा माहेर शोधायचंय. एकदा बघून यायचं. बास."

मला वाटलं, एवढंच ना! मी लंडनमध्ये ईलिंगच्या कौन्सिलमधून नुकतीच रिटायर झाले होते आणि रिकामपण अंगावर येत होतं. शिवाय आम्हा मराठी माणसांना या बाबतीत एक माज असतो. लग्नाच्या हॉलमध्ये दोन अनोळखी बायका शेजारी बसल्या की आडनाव काय, मूळचे कुठले, तुमच्या आत्या कुठे दिल्या, असं विचारत विचारत वरण-भात संपायच्या आत नातं निघतं. आयर्लंड ते केवढं! दोन महिन्यांत तुमचं माहेर काढून देते, असं मी छातीठोकपणे सांगितलं. तो शब्द मी द्यायला नको होता.

आश्रमाच्या दप्तरातून एक कागद मिळाला. त्यावर आईचं नाव, वय आणि राहणार 'आयर्लंड'. गाव नाही, बापाचं नाव नाही. नाव असं की दर तिसऱ्या घरात सापडावं. मी त्या वयाच्या, त्या नावाच्या बायका शोधत सुटले. कोणी लहानपणीच वारलेली, कोणी अमेरिकेला गेलेली, कोणी गावातच लग्न करून डझनभर नातवंडांची आजी झालेली. एकेक नाव मी खोडत गेले. दोन महिन्यांची दोन वर्षं झाली, आणि शेवटी खोडायला नाव उरलं नाही. चर्चची जुनी दप्तरं सांभाळणाऱ्या एका बाईंना फोन केला, तेव्हा त्या म्हणाल्या की बऱ्याच मुली दारात खोटं नाव सांगायच्या. लिहून घेणाऱ्यांनाही ते ठाऊक असायचं.

म्हणजे दोन वर्षं मी जिला शोधत होते ती बाई कधी नव्हतीच. मला इतका संताप आला की मी त्या बिचाऱ्या बाईंवरच फोन आपटला. वहिनीला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे नाव पण नाही," आणि चहा टाकायला उठली.

मग भाची मध्ये पडली. वहिनीची लेक मँचेस्टरला आयटीत आहे. तिने आईची लाळ एका नळीत घालून डीएनए तपासणाऱ्या कंपनीला पाठवली. काही आठवड्यांनी तिचा फोन आला. "आत्या, यू वोन्ट बिलीव्ह इट. एक मॅच आलाय, फर्स्ट कझिन रेंजमध्ये. आयर्लंडमध्येच राहतो. मी मेसेज केलं आणि त्याने रिप्लायपण दिला!"

वहिनीचा मावसभाऊ निघेल इतक्या जवळच्या रक्ताचा हा माणूस साठीचा, आयर्लंडच्या पश्चिमेकडचा, लग्न न केलेला शेतकरी. आधी तो मोकळेपणाने लिहायचा. त्याची आई वारली होती. तिला दोन बहिणी. एक तरुणपणीच गेली, दुसरी नव्वदीच्या पुढची, त्याच्याच घरात राहते. दोघींपैकी एक कधीतरी काही महिने इंग्लंडला कामाला होती, पण कोणती ते त्याला माहीत नाही. वहिनीने विचारलं, मावशींना विचाराल का? त्यावर आठवडाभर उत्तर नाही, आणि मग आलं ते अगदी सभ्य शब्दांत. मावशीला आता फारसं आठवत नाही, तिला त्रास होऊ नये, कृपा करून घरी पत्र पाठवू नये. मी विचार करून कळवतो.

वहिनी थांबली. तो कळवेना. तिकडे बाई नव्वदीपुढची, इकडे वहिनी सत्तरीपुढची. कोण आधी जाईल याचा नेम नव्हता, आणि आम्ही तिघी ते तोंडाने न बोलता रोज मनात मोजत होतो.

दिवाळी आली. पुढचं जे झालं ते आमच्याच घरात होऊ शकतं. आई म्हणायची, नातं तोंडाने जुळत नाही, डब्याने जुळतं. साउथहॅम्प्टनच्या त्या गल्लीत भावाशी कोणी बोलत नव्हतं तेव्हा आईने फराळाच्या ताटल्या घरोघर फिरवल्या होत्या, आणि भाऊ गेला तेव्हा त्याच शेजाऱ्यांनी वहिनीला महिनाभर जेवण पुरवलं. तेव्हा वहिनीने स्टीलचा मोठा डबा काढला, चकल्या, शंकरपाळे, करंज्या भरल्या, पोस्टात जाऊन कस्टमचा कागद भरला आणि डबा आयर्लंडला धाडून दिला. घराचा पत्ता मीच कधीतरी त्या माणसाच्या आईच्या निधनाच्या बातमीतून शोधून वहिनीकडे लिहून ठेवला होता. तिकडे असल्या बातम्या इंटरनेटवर येतात, घराच्या ठावठिकाण्यासकट.

मला तिने सांगितलं ते डबा गेल्यावर.

"अहो वहिनी, घरी लिहू नका म्हणून त्याने सांगितलं होतं ना!"

"मी कुठे लिहिलं? मी डबा पाठवला. फक्त मागे माझा पत्ता टाकला."

मी फोनवरच ओरडले. त्यांच्याकडे ही गोष्ट तीन पिढ्या दाबून ठेवलेली, आणि तुम्ही चकल्या घेऊन दारात उभ्या! ती शांतपणे ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "पण वन्सं, चकली छान झाली होती."

चार-पाच दिवसांनी भाचीचा फोन. "आत्या, त्याने प्रोफाइल डिलीट केलंय. ईमेलपण बाउन्स होतोय. मम्मीला कसं सांगू?" तिने सांगितलं नाही, मी सांगितलं. वहिनी म्हणाली, "डबा अजून पोचला नसेल."

डबा परत आला जानेवारीत. मी तेव्हा वहिनीकडेच होते. ब्राउन पेपरमध्ये नीट गुंडाळलेला, धुतलेला, पुसलेला आणि रिकामा. मी कागद झटकला, उलटा केला. चिठ्ठी नव्हती. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. आपल्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात. त्यांना हे ठाऊक नसणार, हे मला कळत होतं, पण समजूतदारपणा दाखवायची माझी इच्छा नव्हती. मी त्या घराचा उद्धार केला. वहिनी मात्र झाकणाच्या कडेवरून बोट फिरवत होती. चकलीचा चुरा तिथे हमखास अडकतो.

"इथे पण स्वच्छ आहे," ती म्हणाली. "हे मशीनमध्ये नाही, हाताने घासलंय. कोणी घासलं असेल, वन्सं?"

त्या घरात दोनच माणसं. मी म्हटलं, त्याने घासला असेल. नव्वदीच्या बाईला कुठे एवढं जमतंय? वहिनी म्हणाली, "आई नव्वदीला घासत होत्या." हे खरं होतं.

मार्च संपता संपता भाचीने एक लिंक पाठवली. ती बाई गेली होती. मागे भाचा, शेजारी आणि सांभाळणाऱ्या बायका, असं लिहिलं होतं. त्यांच्याकडे अंत्यविधीला कोणीही जाऊ शकतं, ओळख लागत नाही. मी विमानं बघायला घेतली. "चला, वहिनी. मागे उभ्या राहू. कोण विचारतंय?"

"नाही," ती म्हणाली. "माहेरी आपण होऊन जात नाहीत. न्यायला कोणीतरी यावं लागतं. आईंनी शिकवलंय मला."

माझी आई त्या क्षणी समोर असती तर मी तिच्याशी भांडले असते.

त्या भागातल्या चर्चमध्ये आता कॅमेरा असतो, परगावच्या नातेवाइकांसाठी. अंत्यविधीच्या सकाळी आम्ही दोघी वहिनीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसलो. कॅमेरा मागच्या भिंतीवर उंच लावलेला, त्यामुळे दिसल्या फक्त पाठी, पांढरी डोकी आणि पुढे ती शवपेटी. चेहरा एकाचाही दिसला नाही. कोणीतरी मृत बाईबद्दल चार शब्द बोललं. कोंबड्या फार छान पाळायची, आणि भाच्याला तिने आईच्या मायेने वाढवलं, असं. वहिनी हात मांडीवर ठेवून ऐकत होती. मग सहा माणसांनी पेटी उचलली, लोक निघून गेले आणि स्क्रीनवर रिकामी बाकं राहिली. मी बंद करायला हात पुढे केला तर तिने माझं मनगट धरलं.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "वन्सं, मी सुतक किती धरू?"

मला आधी कळलंच नाही.

"लग्न झालेल्या मुलीला आई गेली तर तीन दिवस. मावशी गेली तर दीड. आईंनी सांगितलं होतं." ती स्क्रीनकडेच बघत होती. "ही कोण होती?"

सुतकबितक मी मानत नाही. सख्खा भाऊ गेला तेव्हाही मानलं नाही. पण त्या क्षणी कोणी उत्तर सांगितलं असतं तर मी त्याच्या पायावर डोकं ठेवलं असतं. "तीन धरा," मी म्हटलं. "आईच होती ती. तीन धरा, वहिनी."

"तुम्हाला माहीत आहे?"

"नाही."

तिने मान हलवली आणि लॅपटॉप मिटला. जेवणं झाली, दुपार गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली आले तेव्हा ती आंघोळ करून भावाच्या देवघरासमोर उभी होती. सुतकात देवाला हात लावत नाहीत, पूजा करत नाहीत, दिवाही लावत नाहीत; ज्याचं कोणी गेलं नाही तोच लावतो. काडेपेटी तिच्या हातात होती. मी दारातच थांबले आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा मनातल्या मनात म्हटलं, नका लावू, वहिनी, तीन दिवस तरी नका लावू.

तिने दिवा लावला.