पोरानं धुतलेलं इंजन

बद्रीनाथच्या तोंडाला लगाम कधीच नव्हता. उभा जन्म ट्रक चालवण्यात गेला, आणि इंजन कसं साफ करावं यावर तो असा बोलायचा की कीर्तनकारानं बाजूला बसावं. पाण्याचा थेंब लावायचा नाय. डिझेलात भिजवलेल्या फडक्यानं धूळ पुसायची, पण जिथनं तेल झिरपतं तिथला डाग तसाच ठेवायचा. "घेणाऱ्याला दिसू दे की!" म्हणायचा. "विकायच्या टायमाला फवारा मारून जो इंजन चकाचक करतो, तो लबाड. त्याच्या घरचं पाणीबी पिऊ नये."

नुसतं म्हणून थांबला असता तर बरं होतं. पण नाय! एकदा ट्रक अड्ड्यावर गोकुळ नावाच्या ड्रायव्हरनं गाडी विकायला काढली. बद्रीनाथनं बोनेट उचललं, तर आत सारं लखलखीत. गोकुळ काकुळतीला आला, "भाऊ, आईची आण, पोरानं धुतली. मला ठाऊकच नव्हतं."

"धुणारा प्रत्येकजण हेच म्हणतो रे, पोरानं धुतली!" बद्रीनाथ चहाच्या टपरीवरच्या साऱ्यांदेखत म्हणाला. अख्खा अड्डा खो खो हसला. त्यात बद्रीनाथचा क्लीनर साहेबरावही होता. गोकुळ मान खाली घालून गेला, तो पुन्हा अड्ड्यावर फिरकला नाय.

आता बद्रीनाथची नजर अधू झाली आणि त्याचीच गाडी विकायची वेळ आली. जुनी गाडी, गिऱ्हाईक एकच मिळालं. तोच साहेबराव, आता सोयगावला स्वतःचा धंदा करणारा. कापसाचा सीझन तोंडावर होता. फोनवर बद्रीनाथनं आडपडदा ठेवला नाय: पॅकिंगमधनं जरासं तेल झिरपतं, ये आणि डोळ्यानं बघ. दसऱ्याच्या मुहूर्तावर न्यायचं ठरलं.

"गाडी चालती राहिली पायजे," तो बायकोला, आवडाबाईला म्हणायचा. "भंगारात गेली तर मी मेल्यातच जमा."

खंडेनवमीला तो वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाला गेला. मागं पोरगा शिवराज, वाळूजच्या कंपनीत कामाला, पुंडलिकनगरच्या घरासमोर उभ्या त्या काळ्याकुट्ट इंजनाकडं बघून शरमला. बापाचं इंजनपुराण त्यानं कधी कान देऊन ऐकलंच नव्हतं. असली घाण कोण घेणार? त्यानं पाण्याचा फवारा मारणारा पंपवाला बोलावला आणि इंजन धुऊन काढलं. मग गाडीला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं. बापाला खूश करायचं होतं बिचाऱ्याला.

बद्रीनाथ संध्याकाळी परतला तेव्हा पूजा झालेली. पूजेला बसवलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नसतो. तो लांबूनच पाया पडला आणि आत गेला.

सकाळी साहेबराव नारळ घेऊन आला. बद्रीनाथनं मोठ्या ऐटीत बोनेट उचललं. ना डाग, ना तेल, ना धूळ. साहेबरावनं चावी फिरवली. गाडी कण्हली आणि गप्प झाली. गाडी चालू करणाऱ्या सेल्फमध्ये पाणी शिरलेलं.

"थोडंच तेल झिरपतं म्हणालात, उस्ताद. मग पुसलं कशाला?"

"पोरानं धुतली रे. मला ठाऊकच नव्हतं."

बोलून गेला, आणि त्याला गोकुळ आठवला. साहेबराव हसला नाय. हसला असता तर परवडलं असतं. "तुम्हीच शिकवलंय, उस्ताद," एवढंच म्हणाला. वाकून पाया पडला, नारळ पिशवीत टाकला आणि निघून गेला.

"सेल्फ वाळू दे, चार दिवस चालवून तर बघ, झिरपतं तेवढं दिसेलच!" बद्रीनाथ मागनं ओरडला. कोण ऐकतंय?

"अहो बाबा, दुसरं गिऱ्हाईक येईल," शिवराज म्हणाला. आवडाबाईनं त्याला डोळ्यानंच गप्प केलं. दुसरं कोण येतंय! बद्रीनाथनंबी इंजन धुतलं, ही खबर अड्डाभर झाली होती. बद्रीनाथ अड्ड्यावर गेला तो चहाला नाय, गोकुळचा ठावठिकाणा विचारायला. कुणालाच माहीत नव्हता. "का, त्याचं काय काम?" टपरीवाल्यानं विचारलं. बद्रीनाथ आल्या पावली माघारी फिरला.

दिवाळीआधी भंगारवाला आला. गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला लाथ घातली आणि साखळी अडकवायला लागला. बद्रीनाथनं धडपडत बोनेट उचलून धरलं. तोवर पॅकिंगपाशी तेलाचा बारीक डाग परत उमटला होता.

"हे बघ. एवढंच झिरपतं. बघ तरी!"

भंगारवाल्यानं मान वर केली नाय.

"काका, कापायच्या गाडीचं काय बघायचं?"