आलापल्लीहून टाकलेली चार कार्डं

नणंदेच्या लग्नाच्या होकाराचं पहिलं कार्ड आम्ही टाकलं तेव्हा भाताची कापणी नुकती लागली होती. कापणी संपली, मळणी झाली, बाजारात नवा तांदूळ आला, तरी त्या कार्डाचं उत्तर काही आलं नाही.

मुलगा सावलीजवळच्या एका गावचा, राईस मिलमध्ये हिशेबनीस. तो, त्याची आई आणि एक मामा दसऱ्यानंतर आमच्याकडे आलापल्लीला मुलगी बघायला आले होते. पोहे झाले, चहा झाला, मुलाने दोनदा पाणी मागितलं आणि दोन्ही वेळा प्यायला विसरला. जाताना त्याची आई म्हणाली, "आमाले पसंत आहे. तुमचं काय ते सांगा."

आमच्याकडून सांगणारे होते मामाजी, म्हणजे माझे सासरे. ते म्हणाले, "पोरीले विचारून कारड टाकतो."

मामाजींनी सारी नोकरी जंगलखात्याच्या तपासणी नाक्यावर काढली होती. लाकडाचा ट्रक आला की पास बघायचा, लाकडं मोजायची, सगळं बरोबर असलं तर कमरेची लहान कातर काढून पासाचा एक कोपरा कापायचा आणि मगच रस्त्यावरचा आडवा बांबू वर करायचा. निवृत्तीनंतर नाका सुटला, पण कमरेची कातर सुटली नाही आणि तपासणीही नाही. ते ओट्यावर बसत आणि घरातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाला विचारत, "कुठी चालली? पिशवीत काय आहे?" अशा माणसाने मुलीचा होकार जागच्या जागी दिला असता तर मलाच आश्चर्य वाटलं असतं.

नणंद बालवाडी चालवायची. तिला मी त्याच रात्री विचारलं. ती तांदूळ निवडत म्हणाली, "वहिनी, त्यांच्या मिलमध्ये रात्रपाळी असते का हो?"

मला एवढं पुरे होतं. दुसऱ्या दिवशी मी कार्ड लिहिलं. घरातलं लिहायचं काम माझ्याकडेच असे. मी आरोग्य केंद्रात औषधांचं कोठार सांभाळायचे, त्यामुळे काय आलं, काय गेलं, काय संपत आलं याच्या याद्या करायची सवय हाताला होती. नवरा तर म्हणायचा की मी स्वप्नंसुद्धा अनुक्रमांक घालून बघते. कार्डावर लिहिलं: मुलगा आम्हाला पसंत आहे, मुलीचीही पसंती आहे, पुढच्या बोलणीसाठी कधी यावं ते कळवा. पत्ता ठळक अक्षरांत घातला आणि कार्ड मामाजींच्या हातात दिलं. संध्याकाळी ते बसथांब्यापर्यंत फिरायला जात, आणि पत्रपेटी तिथेच चिंचेला टांगलेली होती.

उत्तर आलं नाही म्हणून दुसरं कार्ड टाकलं. मग तिसरं. पोस्टमनच्या सायकलची घंटा वाजली की बालवाडीची पोरं गाणं म्हणत असली तरी नणंदेचा आवाज मध्येच थांबायचा. त्यातच बाजारात कुणीतरी बातमी आणली की सावलीकडच्या त्या मुलाला दुसरीकडचे पाहुणे सांगून येणार आहेत. त्या रात्री तिने भाजीत मीठ घातलं नाही. मामाजींनी मीठ मागून घेतलं आणि तेही नजर वर न करता.

मी ठरवलं की आता हा प्रश्न औषधाच्या खोक्यासारखा हाताळायचा. खोकं चंद्रपूरहून निघालं आणि आपल्याकडे पोचलं नाही तर रडून उपयोग नसतो. ते कुठपर्यंत दिसलं आणि कुठून दिसेनासं झालं, ते शोधायचं.

पहिला संशय पत्रपेटीवर. मी माझ्याच नावाने एक कार्ड लिहिलं. मामाजींनी हात पुढे केला, "दे, मी टाकतो." मी म्हटलं, "नाही मामाजी, तपासणी दुसऱ्याच्या हाती द्यायची नसते." हे त्यांना पटलं. कार्ड मी स्वतः पेटीत टाकलं आणि ते शहाण्यासारखं परत माझ्याकडे आलं. पेटी सुटली.

दुसरा संशय आमच्या पोस्टावर. तिथल्या बाबूंना मी विचारलं, "सावलीकडे टाकलेली आमची कार्डं पुढे जातात ना?"

त्यांनी शिक्का खाली ठेवला आणि माझ्याकडे फार मायेने बघितलं. "जाते बाई. तुमची कारडं मीच थैलीत टाकली. अशी पत्रं कोणी थांबवत नाई."

"अशी म्हणजे?"

"आता काय बोलावं. घरी सगळे सावरले नं?"

मला वाटलं, गावभर आमच्या सोयरिकीची चर्चा झालेली दिसते. "सावरतायत," म्हणून मी निघाले. त्यांनी दारापर्यंत येऊन निरोप दिला. पोस्टातला माणूस दारापर्यंत येतो हे मी पहिल्यांदाच बघत होते.

आता उरलं पलीकडचं टोक. मी मामाजींना म्हटलं, रजिस्टर पाठवू या, सही घेऊन देतात.

"सोयरिकीत रजिस्टर? त्याइले वाटन कोर्टाची नोटीस आली."

"मग तार करू."

"येडी झाली का? तार पाह्यली का लोक अगुदर रडते, मंग वाचते. शुभ कामात मरणाची धास्ती काऊन द्यायची?"

हे मात्र मला पटलं. म्हणून मी चौथं कार्ड लिहिलं. तोवर माझा धीर संपला होता. त्यात मी लिहिलं की पसंत नसेल तर तसं सरळ सांगायला तोंड असावं, आम्ही मुलगी रस्त्यावर टाकलेली नाही, आणि पाहुणचार घेऊन गप्प बसणाऱ्यांची आमच्याकडे वेगळी यादी असते. कार्ड मामाजींनी नेलं आणि टाकलं. त्याचंही उत्तर आलं नाही.

शेवटी मी स्वतः निघाले. मुलीकडच्यांनी असं विचारायला जाणं बरं दिसत नाही, म्हणून घरात सांगितलं की सावलीच्या बाजारातून नवा तांदूळ आणते. आलापल्लीला तांदूळ मिळतो हे मामाजींना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी ओट्यावरून माझी रिकामी पिशवी तपासली आणि एवढंच म्हणाले, "चांगला पाहून आणजो."

गडचिरोलीला बस बदलून, वैनगंगेचा पूल ओलांडून मी त्या गावात उतरले आणि आधी गावच्या डाकवाल्याकडे गेले. तो स्वतःच्या पडवीतच टपालाचं काम करायचा. मी विचारलं, "आलापल्लीहून चार कार्डं आली होती. त्या मिलवाल्या हिशेबनिसाच्या घरची. कुठे गेली?"

"कुठी जाईन? दिली नं."

"घरात दिली?"

त्याने मला वेड्यात काढल्यासारखं बघितलं. "घरात कशी देईन बाई? तसली कारडं घरात नेतेत का? गोठ्याच्या वळचणीले खोचली. चारही आहेत तिथी, पाहून घ्या."

"आणि तुम्ही ती वाचलीही नाहीत?"

"मी? मी तं पत्ता पाहतो आन् बाकी डोये मिटून घेतो. गावातल्या कोनाचं मरण मले सगळ्यात पयले कळावं, असा काय मी गुन्हा केला?"

मरण? मला काही कळेना. त्याला घेऊनच मी मुलाच्या घरी गेले. मुलाची आई अंगणात मिरच्या वाळवत होती. मला बघून तिने पदर खोचला.

"या! आत्ता आठवन आली का? आमी पोरगी पाहून गेलो, पसंत म्हनून सांगतलं, आन् तुमच्यानं एक कारड टाकनं नाई झालं? आता शुक्रवारी दुसरे पावने येऊन राह्यले."

"बाई, मी चार कार्डं टाकली."

"एकबी नाई आलं."

"आली," डाकवाला म्हणाला. "तेच ते."

"कोनते?"

"गोठ्यातले."

तिच्या हातातली मिरची खाली पडली. आतून मुलाची आजी काठी टेकत बाहेर आली. मी तोवर गोठ्याकडे वळले होते. गवताच्या छपराच्या काठाला, बैलाच्या डोक्यावर, माझ्या अक्षरातली चार कार्डं ओळीने खोचलेली होती. मी हात वर केला.

"हात नोको लावू वं!" आजी ओरडली. "आठ दिवसांनी आमच्या नातीचं लगन आहे. वाचलं का सुतक लागते!"

"पण यात सुतक कुठलं?"

"कोपरा पाय नं! कोपरा कापला आहे!"

मी बघितलं. प्रत्येक कार्डाचा एक कोपरा कापलेला होता. फाडलेला नव्हता. एका सरळ रेषेत, सराईत हाताने, कातरीने कापलेला.

मरणाची बातमी कळवणाऱ्या कार्डाचा कोपरा कापतात, ते कार्ड घरात नेत नाहीत, आणि सुतक धरायचं ते बातमी कळल्यापासून, हे मलाही ठाऊक होतं. आजींनी त्यावरून साधा हिशेब केला होता. कळलंच नाही तर लागणारही नाही. नातीचं लग्न उरकू द्यायचं, मग कार्डं वाचायची आणि एकदाच काय ते रडून घ्यायचं.

"कोण गेलं असं वाटलं तुम्हाला?" मी विचारलं.

"शिक्का आलापल्लीचा. त्या अंगाले सुतक लागन असा आमचा एकच मानूस, अहेरीले माहा दीर. नव्वदीचा आहे. पयलं कारड आलं तवा म्हटलं, गेला बिचारा. दुसरं आलं तवा म्हटलं, त्याच्या मांगं त्याची बायको गेली. तिसरं आलं तवा म्हटलं लेक गेला असन." आजीने डोळ्याला पदर लावला. "चौथं आलं तवा तं मी मोजनंच सोडलं. म्हटलं, घरात पटकी शिरली असन."

"मग कुणाला पाठवून चौकशी नाही केली?"

"चौकशी केली असती तं कळलं नसतं का?"

माझ्या डोळ्यांपुढे आलापल्लीची चिंच होती आणि पत्रपेटीपुढे उभे असलेले मामाजी. कार्ड उलटसुलट करून तपासताहेत, सगळं बरोबर आहे, आणि हात आपोआप कमरेच्या कातरीकडे जातोय. माल बाहेर सोडायचा तर कोपरा कापायलाच हवा.

पोस्टातल्या बाबूंनी माझं सांत्वन का केलं, तेही आत्ता कळलं.

आता समजावत बसले असते तर शुक्रवार उजाडला असता. मी पहिलं कार्ड ओढून काढलं आणि मोठ्याने वाचायला लागले. आजींनी दोन्ही कानांत बोटं घातली आणि काठी अंगणात पडली. डाकवाला पाठ फिरवून उभा राहिला.

"मुलगा आम्हाला पसंत आहे. मुलीचीही पसंती आहे."

मुलाच्या आईने खाली बसून कपाळाला हात लावला. मग म्हणाली, "पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं. आजींनी एका कानातलं बोट थोडं सैल केलं. "कोन गेलं मनते?"

"कोनी नाई गेलं, मायजी! पोरगी येऊन राह्यली!"

तेवढ्यात मुलगा गोठ्यामागून आला. तो दोर शोधतोय असं त्याने सांगितलं. दोर त्याच्या खांद्यावरच होता. मी दुसरं आणि तिसरं कार्डही वाचून दाखवलं. चौथं घडी करून पिशवीत टाकलं.

"आन् ते चौथं?" तो म्हणाला.

"त्यातही तेच आहे. जरा जोर देऊन लिहिलंय."

शुक्रवारच्या पाहुण्यांना नको म्हणून सांगायला डाकवाल्यालाच पाठवलं. त्याने अट घातली की निरोप तोंडी नेईन, कार्ड नेणार नाही. मी तांदूळ विकत घ्यायला विसरले, म्हणून मुलाच्या आईने घरचाच पिशवीभर दिला.

घरी पोचले तेव्हा मामाजी ओट्यावर होते. त्यांनी पिशवी उघडली, तांदूळ हातावर घेऊन बघितला. "चांगला आहे. कुठचा?"

"सोयऱ्यांकडचा," मी म्हटलं आणि तीन कार्डं त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी एकेक कार्ड उचललं. अंगठा कापलेल्या कडेवरून फिरवला. त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. तो काप त्यांनी आयुष्यभर बघितला होता.

"मीच पाठवलं होतं हे मरन," ते म्हणाले. "हाताले वाटलं, ट्रक चालला." मग आवाज खाली आणून विचारलं, "पोरीले मालूम आहे?"

नणंद दारातच उभी होती. तिने पदर तोंडात कोंबला होता, पण खांदे हलत होते. आधी मला वाटलं रडतेय. मग ती खाली बसली आणि असं हसली की शेजारची माणसं बघायला आली. मामाजी तिच्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांच्याही मिशा हलायला लागल्या. कातर त्यांनी कमरेची काढून माझ्या कोठाराच्या किल्लीच्या खिळ्याला अडकवली. लग्नपत्रिका पेटीत टाकायला मी एकटी गेले.

लग्नाला अहेरीचे ते नव्वदीचे आजोबा बायकोसकट आले, लेकही आला. मांडवात वराच्या आजींनी दिराला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "तू लय तरास देला रे बाबा औंदा." आजोबांना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी सवयीने माफी मागितली आणि बुंदी मागितली.

नणंद सासरी गेल्यावर मामाजी संध्याकाळचं फिरणं सोडून सकाळीच पोस्टापर्यंत जायला लागले. एक दिवस तिचं पहिलं कार्ड हातात घेऊन आले. मी दारातून बघत होते. ते अंगणातच थांबले, कार्ड उन्हात धरलं, एकेक करून चारही कोपरे तपासले, आणि मग चपला काढून घरात आले.

"वाच," ते म्हणाले. "रात्रपाळी आहे का नाई, ते पयले पाय."