टर्बो गेला म्हणे!

किस्से गोळा करावे लागत नाहीत. गाडी ढकलत येते, मागून मालक येतो, आणि मालकाच्या मागून किस्सा येतो. गाडी दुरुस्त होऊन जाते. मालकही जातो. किस्सा गॅरेजातच राहतो.

आमचं गॅरेज उमापूरच्या रस्त्याला. इंजिनाचं काम माझं, पत्र्याचं रशीदचं. दोघांची दाढी एकाच सालात पांढरी झाली. मी चौथी शिकलो. रशीद म्हणतो, तो पाचवी. ते मी मानत नाही.

हल्ली एकच वाक्य ऐकून डोकं उठतं. "अप्पा, टर्बो गेला!" अरे, कुठं गेला? गावाला गेला का? टर्बो म्हणजे पंखा. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर तो फिरतो आणि बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. दाब भरला तर गाडी पळते. दाब कमी पडला तर चढाला रडते. दाब कमी पडायची कारणं पुष्कळ आहेत. नळी फाटते, क्लिप सुटते, फिल्टर तुंबतो. पण लोकांना मधलं काही दिसतच नाही. गाडी रडली की टर्बो गेला!

याच वाक्यापायी यंदा मी भर चौकात बोलून बसलो की टर्बो गेला असला तर पाना कायमचा खाली ठेवीन. त्याचं काय झालं ते शेवटी सांगतो. आधी बाकीचे किस्से ऐका, म्हणजे मी का चिडलो होतो ते कळेल.

*

चकलांब्याचे एक गुरुजी आले. मोबाइलवर बघून सगळं शिकून आलेले.

"अप्पा, टर्बो बदला."

"कावून?"

"बूस्ट, म्हणजे दाब, कमी आहे. लक्षणं तीच सांगतात."

"गुरुजी, पोरगं गणितात नापास झालं तर पोरगं बदलता का?"

मी बॉनेट उघडलं. टर्बोतून निघणाऱ्या जाड नळीची क्लिप ढिली होऊन खाली सरकली होती. नळीच्या तोंडाशी तेलाचा ओला डाग होता. दाबलेली हवा तिथूनच पळत होती. क्लिप जागेवर आणली, आवळली. चहा यायच्या आत काम झालं.

गुरुजींना आनंद व्हायला पाहिजे ना? ते उलट चिडले!

"एवढंच? एवढ्यासाठी मी दोन दिवसांची रजा टाकली!"

म्हणलं, "मग राहिलेल्या दीड दिवसात शिकवा की पोरांना."

*

गाडी मोठी, तसा मालकाचा अभिमान मोठा. एका बागायतदाराची गाडी आली. टर्बोजवळ एक बारीक नळी असते. तिच्यातून ओढ मिळाली की एक दांडी हलते, आणि दांडी हलली की टर्बो दाब धरतो. मी नळी तोंडात धरून हवा ओढून बघितली. दांडी जागची हलेना. बोट फिरवलं तर नळी कुरतडलेली.

म्हणलं, "उंदरानं खाल्लीय."

मालक लाल झाला. "आमच्या वाड्यावर उंदीर न्हाईत, अप्पा. तोंड सांभाळून बोला."

"बरं. मग नळी कुणी खाल्ली? घरातलं कुनी?"

तो चपला घालून उठलाच होता. तेवढ्यात रशीदनं बॅटरीमागून भुईमुगाच्या टरफलांचा ढीग काढला. ओंजळभर! ढिगात तीन पिल्लं होती. डोळेही उघडले नव्हते त्यांचे.

रशीद अदबीनं म्हणाला, "साहेब, उंदीर न्हाईत तुमच्याकडं. ह्ये पाव्हणे असतील."

*

एक पोरगेला नवरदेव आला. लग्नाला चार दिवस होते. गाडी ओढत नव्हती आणि शिट्टी वाजत होती. बघतो तर रबरी नळीला सुरीनं सरळ चीर दिलेली.

"ह्ये कुनी केलं?"

"मीच केलं, अप्पा. टर्बोचा आवाज आला पायजे ना! लई भारी वाजतो."

"मग आता तक्रार काय?"

"वढत न्हाई ना गाडी!"

सांगा आता. मडक्याला स्वतः भोक पाडायचं आणि कुंभाराच्या दारात येऊन भांडायचं. मी नळी बदलली. चिरलेली त्याच्या हातात दिली.

म्हणलं, "तोंडानं फुंक. वरातीत कामाला येईल."

नवरीचा भाऊ सोबत होता. तो एवढा हसला की त्याला ठसका लागला. नवरदेव मात्र अजून माझ्याशी बोलत नाही. न का बोलेना!

*

दुसऱ्यांच्या चुका सांगतो तर माझीही सांगतो. लपवून ठेवणारा मी नाही.

टर्बोची नळी काढली की तिच्या तोंडात फडकं कोंबायचं, हा आमचा रिवाज आहे. नाहीतर एखादा नट आत पडतो आणि मग टर्बो खरोखरच जातो. एकदा मी नळी जोडली आणि फडकं आतच राहिलं. गाडी गेवराईपर्यंत गेली आणि काळा धूर ओकत माघारी आली.

रशीदनं माझ्याकडं बघितलं. "अप्पा, टर्बो गेला का?"

नळी काढली, फडकं काढलं, मालकाच्या हातात ठेवलं आणि म्हणलं, "चूक माझी."

त्या दिवसापासून गॅरेजात सातच फडकी. सातांना लाल कापडाची शेपटी शिवलेली. गाडी बाहेर काढायच्या आधी खिळ्यावर सात शेपट्या दिसल्याच पाहिजेत. सहा दिसल्या तर गाडी जागची हलत नाही, मालक कुणी का असेना.

*

आता तो किस्सा.

आमच्या भागातले एक पुढारी आहेत. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात, मीही म्हणतो. त्यांची पांढरी गाडी चढाला बसायला लागली. शहरातल्या मोठ्या वर्कशॉपनं गाडी मशीनला जोडली, कागद काढला आणि सांगितलं, बूस्ट कमी, टर्बो गेला. भाऊसाहेब तो कागद घेऊन चौकात आले. तिथं पंचवीस-तीस माणसं होती. मी चहा पीत होतो.

"अप्पा, बघा. टर्बो गेला."

"मशीन म्हणतं दाब कमी हाय. टर्बो गेला हे माणूस म्हणतो."

"म्हणजे एवढं मोठं वर्कशॉप खोटं आणि तुमी खरे?"

"खरा."

लोक हसले. त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. कप खाली ठेवला आणि बोललो, "तीन दिवस गाडी माझ्याकडं द्या. टर्बो गेला असला तर आजपासून तिसऱ्या दिवशी पाना खाली. पुन्हा हातात धरणार न्हाई."

भाऊसाहेबांनी चावी माझ्या कपाशेजारी ठेवली.

पहिल्या दिवशी सगळ्या क्लिपा बघितल्या. घट्ट. दुसऱ्या दिवशी नळ्यांत हवा भरून वरून साबणाचं पाणी सोडलं. कुठं फट असली तर फेस फुगतो. एक बुडबुडा आला नाही. बारीक नळी ओढून बघितली, दांडी नीट हलली. टर्बोचा पंखा बोटानं फिरवला. छान फिरला, झोल नाही. फिल्टर तर वर्कशॉपनंच नवा टाकलेला. तरी गाडी चढाला रडतेच!

संध्याकाळी रशीद म्हणाला, "अप्पा, एवढं बोलायला नको होतं."

"तू पत्रा बघ बे," मी म्हणलं. त्या रात्री जेवलो नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी भाऊसाहेब आले, सोबत सगळा चौक. पांढऱ्या गाडीच्या मागच्या सीटवर त्यांच्या आई येऊन बसल्या. सगळे त्यांना आक्का म्हणतात. ऐंशीच्या पुढच्या, पाठीचा कणा ताठ. त्यांना धर्मापुरीला देवाला जायचं होतं. भाऊसाहेबांचा ड्रायव्हर म्हणाला, "वाटेत वर्कशॉपला गाडी लावू."

मी म्हणलं, "अजून दिवस संपला न्हाई."

दोन दिवस मी टर्बोच्या पुढं बघत होतो, दाबलेली हवा कुठून पळते ते. हवा आत येते कुठून, ते बघितलंच नव्हतं! स्वतःचाच एवढा राग आला की पाना फेकून मारावा तर मारायचा कुणाला? फिल्टरच्या डब्याचं झाकण काढलं आणि रशीदला म्हणलं, "अशीच घे चढावर."

आक्का उतरल्या नाहीत. गाडी त्यांच्यासकट गेली. आणि अशी गेली, की दावं तुटलेलं वासरू! झाकण लावलं, पुन्हा पाठवली. पुन्हा रडत आली.

म्हणजे गाडीचं नाकच चोंदलं होतं. पुढच्या जाळीमागं एक नळ असतो, बाहेरची हवा तिथून फिल्टरकडं जाते. जाळी काढली, नळात हात घातला. पार कोपरापर्यंत. बोटाला कापड लागलं. ओढलं तर लाल!

चौकाला तेवढंच पाहिजे होतं. "अप्पाचंच फडकं! अप्पाचंच फडकं!"

भाऊसाहेब ओरडले, "स्वतःच फडकं कोंबायचं आणि स्वतःच काढायचं? ह्यो कसला मिस्त्री?"

रशीदनं खिळ्याकडं बोट केलं. "मोजा की बे! सात हायत का न्हाईत?"

एकानं मोठ्यानं मोजल्या. सात.

मग माझ्या हातातलं काय? उलगडून बघितलं. लाल खण, त्याला तुटका दोरा. आत खोबऱ्याची वाटी, हळदीचे तांदूळ, बिब्बा. सगळं हवेनं ओढून नळाच्या आकाराचं झालेलं.

भाऊसाहेब पांढरे पडले. "माझ्यावर करणी केली कुनी? नाव सांगा त्याचं!"

"ओरडू नको," मागच्या सीटवरून आवाज आला. "म्या बांधलं."

सगळे वळले. आक्का काच खाली करून बसल्या होत्या.

"आई? कावून?"

"नवी गाडी घेतली तवाच. मानसाला दृष्ट नाकातोंडातनं लागती. गाडीचं नाक कुठं असतं म्हून मी ड्रायव्हरला इचारलं. तेनं दावलं. तोंडाशीच बांधलं होतं, दोरा तुटून आत गेलं आसंल."

ड्रायव्हर गर्दीत मागं सरकला.

नाक मोकळं झालेल्या गाडीतून मी भाऊसाहेबांना चढावर नेऊन आणलं. गाडी कुठं रडली नाही. खाली उतरले तेव्हा त्यांनी वर्कशॉपचा कागद चार घड्या करून खिशात घातला. लोकांकडं बघून मी म्हणलं, "टर्बो गेला होता का?"

अजून दोन वाक्यं माझ्या ओठावर आली होती. वर्कशॉपवर एक आणि अडाणीपणावर एक.

तेवढ्यात आक्कांनी काचेतून हात बाहेर काढला. "आन ते हिकडं."

मी गाठोडं दिलं. त्यांनी तांदूळ झटकले, खण सरळ केला, पुन्हा गाठ मारली.

"एवढं मोठं वर्कशॉप म्हणालं टर्बो गेला. गेला का?"

"न्हाई, आक्का."

"सगळ्या चौकानं म्हणलं, अप्पाचा पाना गेला. गेला का?"

"न्हाई."

आक्कांनी गाठोडं माझ्या हातावर ठेवलं आणि काच वर घेता घेता म्हणाल्या, "मग कुनी वाचवलं ते बघ. पान्याला बांध!"