स्प्रिंग नसलेल्या घड्याळाचे ठोके

या सदरातले अनुभव मी चहाबरोबर वाचते आणि नवऱ्याला वाचून दाखवत हसते. आता तो मला हसतोय. हसू दे. लिहिणार म्हणजे लिहिणार...

आम्ही मूळचे रत्नागिरीचे, राहतो शारजात, रोल्ला भागात. हॉलमध्ये सासऱ्यांचं, म्हणजे अब्बांचं, अमेरिकन लंबकाचं घड्याळ आहे. पितळी पत्र्यातून चाकं कापून स्वस्त घड्याळं बनवायची आणि जहाजांनी जगभर पाठवायची, हा त्या कंपनीचा धंदा. कंपनी कधीच बंद पडली. हे घड्याळ अब्बांच्या वडिलांनी मुंबई बंदरात घेतलेलं. तबकडीवर चावीची दोन भोकं – एक काट्यांचं, एक ठोक्यांचं. दर शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजाला निघण्याआधी अब्बा दोन्हीकडे चावी द्यायचे. आणि घड्याळ ठेवायचे इंडियाच्या वेळेवर, इथल्यापेक्षा दीड तास पुढे. काटे मागे फिरवले तर ठोके चुकतात, असं सांगायचे. खरं म्हणजे गावाला किती वाजले ते त्यांना बघायचं असायचं.

अब्बा गेले आणि सासूबाई, आमच्या अम्मी, हळूहळू सगळं विसरू लागल्या. नाश्ता, औषध, नमाज – त्यांचा दिवस त्या ठोक्यांवर चालायचा. मग ठोक्यांची स्प्रिंग तुटली आणि अम्मींचं सगळंच बिनसलं. दुबईतल्या देराहून धाकटे दीर आले.

"भाभी, खलास. अम्मीला गावी पाठवू, सांभाळायला बाई ठेवू."

"अम्मी इथेच राहणार. घड्याळ मी दुरुस्त करते."

व्हिडिओ बघून मीच ते उघडलं. तुटकी स्प्रिंग काढून किचनच्या ड्रॉवरमध्ये टाकली, नवी ऑनलाइन मागवली. तोवर काटे फिरत होते, ठोके बंद.

त्याच आठवड्यात एका दुपारी अम्मी कुणाला न सांगता घराबाहेर पडल्या. बाहेर ऑगस्टचं ऊन. मुलीला घरी बसवलं आणि मी अन् नवरा दोन दिशांना धावलो. बेकरी, कापडाची दुकानं, बसस्टॉप... तिथे अम्मींना सगळे खालाच म्हणतात. "खाला को देखा क्या?" कुणीच पाहिलं नव्हतं. माझ्याच हट्टापायी अम्मी इथे राहिल्या होत्या.

मुलीचा फोन आला. "मम्मा, द क्लॉक इज स्ट्राइकिंग."

"बेटा, ते वाजूच शकत नाही."

"जस्ट लिसन."

तिने फोन घड्याळाजवळ धरला. सावकाश, एकामागून एक ठोके पडत होते. मी ओळखलं – आमचंच घड्याळ. तशीच घराकडे पळत सुटले.

बिल्डिंगच्या गेटात अम्मी उभ्या. घामाने निथळत होत्या, पण शांत.

"शबाना, पाच वाजले ना गो? मी रस्ता चुकले होते. ठोके ऐकले, त्या बाजूने चालत आले. चहा टाक."

वर आलो. घड्याळात पाच वाजून गेलेले, म्हणजे इथले साडेतीन. मी झाकण उघडलं. स्प्रिंगची जागा रिकामी होती. ठोक्यांच्या भोकात चावी घातली तर ती नुसतीच गरागरा फिरली. ड्रॉवर उघडला – तुटकी स्प्रिंग तिथेच.

मुलीने वाजवलं म्हणावं, तर अम्मींना रस्त्यावर ऐकू कसं गेलं? आम्ही चौथ्या मजल्यावर, खिडक्या बंद, एसी चालू. खूप डोकं खाजवलं.

नवी स्प्रिंग आली, मी बसवली. अम्मी इथेच आहेत. गावाचा विषय दीर काढत नाहीत. दर शुक्रवारी देराहून येतात आणि जुम्म्याला निघण्याआधी घड्याळाला दोन्हीकडे चावी देतात.