गच्चीवरचं मराठी

मद्रासला बदली झाली तेव्हा माझं वय चोवीस आणि येत असलेले तमिळ शब्द चार. माउंट रोडवरच्या चौदा मजली इमारतीत आमची कचेरी. एवढी उंच इमारत देशात दुसरी नाही, असं जो तो सांगायचा. आजूबाजूला सगळी बुटकी घरं, नारळाची झाडं आणि मधोमध ही उभी. रस्ता चुकलो की मान वर करायची, ती दिसली की त्या दिशेनं चालू लागायचं. इमारत सापडायची हो, पण बोलायला माणूस कुठून आणायचा? खोलीवर मी भिंतीशी बोलायच्या बेताला आलो होतो.

अशात आमच्याच विभागातले एक वयस्कर कारकून डबा उघडता उघडता माझ्याशी चक्क मराठीत बोलले. घराणं तंजावरचं, कित्येक पिढ्या तिकडेच गेलेल्या. शब्द जुन्या बखरीतले आणि हेल तमिळ. मी त्यांना काका म्हणू लागलो. रोज जेवणाच्या सुट्टीत आम्ही लिफ्टनं गच्चीवर जायचो. ते बोटानं बंदर दाखवायचे, जॉर्ज टाउन दाखवायचे, अर्धा दहीभात माझ्या डब्यात टाकायचे आणि आईला पत्र लिहिलं का म्हणून दरडावायचे. खरं सांगतो, त्या अर्ध्या तासासाठी मी कचेरीत जात होतो.

त्यात पुण्याहून माझा मावसभाऊ आणि त्याचे दोन मित्र आले. मद्रासला येऊन ती इमारत न पाहता परतणारा पाहुणा विरळाच. मी तोऱ्यात त्यांना गच्चीवर नेलं. समुद्र दाखवून झाला, शहर दाखवून झालं. काका कोपऱ्यात डबा घेऊन बसले होते. मला काय अवदसा आठवली कोण जाणे.

"काका, जरा बोला ना तुमचं मराठी. यांना ऐकू द्या."

ते साध्या मनानं बोलले. पाहुण्यांच्या घरच्यांची, प्रवासाची विचारपूस केली. मावसभावाला हसू आवरेना. एक मित्र त्यांच्याच हेलात तेच वाक्य म्हणून दाखवू लागला. आणि मीही हसलो, अगदी पोट धरून. काकांनी डब्याचं झाकण लावलं, पाहुण्यांना नमस्कार केला आणि जिन्यानं खाली गेले.

दुसऱ्या दिवसापासून ते माझ्याशी इंग्रजीत बोलू लागले. राग आहे, निवळेल, असं मी धरून चाललो. मग दोनदा माफी मागितली. दोन्ही वेळा त्यांनी काही झालंच नाही असं इंग्रजीत सांगितलं आणि फायलीत डोकं घातलं. मी एकटाच गच्चीवर जाऊ लागलो. एवढं शहर पायाखाली पसरलेलं आणि त्यात आपलं म्हणावं असं एक छप्पर नाही. फार एकटं वाटायचं. शेवटी जाणंच सोडलं.

काही महिन्यांनी त्यांची धाकटी मुलगी घरी विसरलेला डबा घेऊन कचेरीत आली. मी दारातून आत शिरत होतो. बापलेक मराठीत बोलत होते. ती शाळेतलं काहीतरी सांगत होती, ते हसत होते. मी जागीच थांबलो. किती दिवसांनी ती भाषा कानावर पडत होती. तेवढ्यात काकांनी मला पाहिलं. मुलीच्या खांद्यावर हात ठेवून ते तिला हळूच काही म्हणाले, आणि उरलेली गोष्ट तिनं तमिळमध्ये सांगितली.