राबाचा धूर आणि उत्तरेचं गवत

मी निघाले त्या सकाळी बाबांनी राब भाजायला घेतला होता. भाताची रोपं करायची त्या जागेवर आधी पालापाचोळा, गवत, शेण पसरून जाळायचं, ही आमच्या दिघाशीची रीत. आई करवादली, "पोर चाललीय परदेशात, आन तुमाला राब सुचतोय!" बाबा तसेच धुरकट शर्टात गाडीत बसले. विमानतळाच्या वाटेवर कशेळीला कंटेनरच्या रांगेत अडकलो, तेव्हा त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून मी तो वास ऊर भरून घेतला.

इथे उत्तरेला, टुंड्रात, झाड म्हणून नाही. गवतच गवत. माझी ड्युटी त्याच्यावरच. पान हवेतून कार्बन घेतं, त्याची साखर करतं, ती पुढे कुठे जाते ते शोधायचं. पहिल्या थंडीच्या तोंडावर गवत पिवळं पडलं आणि माझे हात शिवशिवले. अख्खा वाफा ओरबाडून मी ढीग रचला, राबाला रचतात तसा! बरोबरची इंग्रिड ओरडतच आली, "थांब, पानांचं काम संपलेलं नाही!" पिवळं पडता पडता पान आपली साखर मुळांत पोचवत असतं. ती बर्फाखाली राहते आणि वसंतात नवं पान तिच्यावरच उगवतं. बाबांना फोनवर सांगितलं तर ते खो खो हसले. मला मात्र फोन ठेवल्यावर रडू फुटलं.

परवा त्यांचा फोन आला. आजूबाजूला सगळी गोडाऊनं झालीत, आमचा तेवढा तुकडा उरलाय. "तू येनार असशील तर राब भाजतो. न्हायतर गोडाऊनवाल्याला हो म्हनतो." नेमकं भाताच्याच दिवसांत इथलं गवत जागं होतं, तेव्हा मला हलता येत नाही. म्हटलं, "यंदा जमणार न्हाय, बाबा." तिकडे ट्रकचा हॉर्न वाजला आणि बाबांनी फोन ठेवला.

माझ्यासारखे जे गेलात त्यांना आणि जे मागे राहिलात त्यांनाही सांगते, काल बाबांनी व्हिडिओ कॉल केला. राब पेटलेला, मागे गोडाऊनचे निळे पत्रे.

"बाबा, मी येणार न्हाय म्हटलं ना!"

"ऐकलं गो. तुजं गवत, पान वाललं तरी, खाली काईतरी ठेवतं ना? मंग यंदा मीबी जमीन ठेवतो."

धुरात ते दिसेनासे झाले. वास येणार नाही हे ठाऊक असून मी फोन वेड्यासारखा नाकाशी नेला. मी येणार नाही हे माहीत असून जिथे कुणीतरी माझ्यासाठी राब भाजतं, ते माझं घर.